चोरलेलं गाणं खाली उतरतं का? यूट्यूबच्या कॉपीराइट यंत्रणेचं परीक्षण

आठ मिनिटांचा एक अभंग घ्या. स्टुडिओचं भाडं, पखवाज, टाळ, हार्मोनियम, मिक्सिंग, मास्टरिंग, सगळा खर्च गायिकेनं पदरचा केलेला. गाणं तिनं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं आणि आषाढीच्या आठवड्यात तेच गाणं आणखी पाच चॅनेलांवर दिसायला लागलं. विठ्ठलाचा फोटो, चहूबाजूंनी झेंडूच्या माळा, कोपऱ्यात त्या चॅनेलचा शिक्का, आणि गायिकेचं नाव कुठंच नाही. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी). ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. आठ मिनिटांचं गाणं ३०,००० वेळा पूर्ण ऐकलं गेलं तर तो आकडा गाठतो. दुसऱ्याच्या चॅनेलवर झालेलं ऐकणं यात धरलं जात नाही. स्पॉटिफायवरही २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्याचा एक पैसा मिळत नाही. म्हणून ‘फुकट पसरलं तरी पोचलं ना लोकांपर्यंत’ हे बोलणं छोट्या कलावंताच्या बाबतीत खरं नाही. मोठ्या कंपनीचे दहा हजार श्रोते वळले तर तिला जाणवणारही नाही. इथं तेवढ्यानं उंबरठाच ओलांडला जात नाही.

हे परीक्षण त्या अडचणीवर यूट्यूबनं दिलेल्या सोयीचं आहे. पुण्यात गाणारे, चाली बांधणारे, घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणारे शेकडो लोक ती वापरतात किंवा वापरायला घाबरतात. निकाल आधीच सांगतो: तक्रारीचा फुकट फॉर्म चांगला आहे, बिनधास्त वापरा. कॉपीराइट मॅच टूल (तुमच्या व्हिडिओच्या प्रती शोधून दाखवणारी सोय) ठीक आहे, मर्यादा ओळखून वापरा. कंटेंट आयडी (जुळणारा आवाज आपोआप पकडणारी यंत्रणा) मात्र शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भक्तिसंगीत करणाऱ्यांनी पूर्ण समजून घेतल्याशिवाय सुरू करू नये. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक घोळ त्या एकच समजल्यामुळे होतात.

फॉर्म

यूट्यूब स्टुडिओ संगणकावर उघडा. मोबाइलवर हे काम करत बसू नका. डावीकडच्या पट्टीतून कॉपीराइटच्या पानावर जा आणि नवी रिमूव्हल रिक्वेस्ट, म्हणजे व्हिडिओ काढायची तक्रार, सुरू करा. मूळ कलाकृती कोणती ते सांगायचं, तुमच्या मूळ व्हिडिओची लिंक द्यायची, चोरलेल्या व्हिडिओची लिंक द्यायची. पूर्ण व्हिडिओच तुमचा आहे की त्यातला तुकडा, ते विचारतात. तुकडा असेल तर मिनिट-सेकंद अचूक लिहा. दोन तासांच्या ‘नॉनस्टॉप अभंग’ व्हिडिओत तुमचं गाणं एक तास बारा मिनिटांनी सुरू होत असेल आणि तुम्ही वेळ दिली नाहीत, तर तपासणाऱ्याला ते सापडणार नाही. एकाच मालिकेतले अनेक व्हिडिओ असतील तर ते एकाच तक्रारीत घालता येतात.

खाली संपर्काचा तपशील आणि सहीच्या जागी पूर्ण कायदेशीर नाव टाइप करायचं असतं. इथं एक काळजी घ्या. तक्रार मंजूर झाली की कॉपीराइट मालकाचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळतो. त्यासाठी वेगळा ईमेल काढा. गायिकांनी तर हे आवर्जून करावं, कारण धमकीचे आणि विनवणीचे मेल दोन्ही येतात.

पुढे दोन पर्याय दिसतात: लगेच काढा, किंवा सात दिवसांची मुदत द्या. सात दिवसांत समोरच्यानं स्वतः व्हिडिओ काढला तर त्याला स्ट्राइक, म्हणजे चॅनेलच्या नावावर इशाऱ्याची नोंद, लागत नाही. लगेचचा पर्याय निवडला तर लागतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होतं. गावाकडच्या एखाद्या भजनी मंडळानं भाबडेपणानं गाणं लावलं असेल तर सात दिवसांचा पर्याय द्यावा, तेवढं माणसानं माणसाशी वागावं. रोज तीस गाणी उचलणाऱ्या चॅनेलला मुदत देऊ नये. त्या सात दिवसांतच आषाढी उलटून जाते आणि त्याचं काम झालेलं असतं. फॉर्ममध्ये ‘याच व्हिडिओच्या प्रती पुढे येऊ देऊ नका’ अशी खूण करायची चौकटही असते. ती विसरू नका.

समोरच्यानं प्रतिवाद केला, म्हणजे काउंटर नोटिफिकेशन दिलं, की तुमच्याकडे १० कामकाजाचे दिवस असतात (अमेरिकेतले कामकाजाचे). तेवढ्यात कायदेशीर कारवाई सुरू केल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत वर येतो. बरेच चोर हेच हेरून प्रतिवाद करतात, कारण छोटा कलावंत कोर्टात जाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. इथं आपल्या कायद्यातली एक सोय कामाची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६२ प्रमाणे फिर्यादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. चोर दुसऱ्या राज्यात बसलेला असला तरी पुण्यातल्या गायिकेला शिवाजीनगरच्या कोर्टात जाता येतं. वकिलाची साधी नोटीस म्हणजे दावा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा.

आता फॉर्ममध्ये सर्वांत जास्त होणारी चूक. डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं सगळ्या अ‍ॅपवर पाठवलं की यूट्यूब आपोआप ‘गायकाचं नाव – टॉपिक’ असं एक पान बनवतं आणि गाणं तिथं चढवतं. ते चॅनेल अनोळखी दिसतं म्हणून कलावंत स्वतःच्याच गाण्याविरुद्ध तक्रार करून बसतात. तिथले पैसे तुमच्याच डिस्ट्रिब्युटरकडून तुम्हाला येत असतात. व्हिडिओखालच्या वर्णनात डिस्ट्रिब्युटरचं नाव असतं, ते आधी वाचा. तसंच शॉर्ट्सवर कोणी तुमचं गाणं ऑडिओ लायब्ररीतून लावून नाचत असेल तर ती चोरी नाही. तो वापर परवान्यातला आहे.

वेग बदललेलं गाणं कसं सिद्ध करायचं

उचलेगिरी करणारे हल्ली फाइल आहे तशी चढवत नाहीत. वेग किंचित वाढवतात. ऐकताना ‘आपलंच आहे, पण सूर चढा वाटतोय’ अशी शंका येते आणि माणूस गोंधळतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवा. पखवाजाची पहिली थाप आणि शेवटच्या टाळाचा ठोका, या दोन खुणा दोन्हीकडे शोधा. तुमच्या फाइलमध्ये या दोन खुणांत ४८० सेकंद आहेत आणि त्यांच्यात ४६६, तर ४८० भागिले ४६६ म्हणजे १.०३. वेग तीन टक्के वाढवलेला आहे. तीन टक्क्यांनी सूर साधारण अर्ध्या पट्टीनं चढतो, म्हणजे काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या अधेमधे कुठंतरी ऐकू येतं. कोणतीही हार्मोनियम त्याला जुळत नाही. खरा गायक त्या सुरात रेकॉर्डिंग करणारच नाही, आणि हाच मोठा पुरावा. त्यांची फाइल तेवढीच सावकाश करा, तुमच्यावर ठेवा, आणि श्वासांच्या जागा बघा. दुसऱ्या अंतऱ्याआधी घेतलेला श्वास, टाळकऱ्याचा एक चुकलेला ठोका, खुर्चीची करकर: हे सगळं जागच्या जागी येतं. याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. यूट्यूबनं जादा माहिती मागितली तर, आणि वकिलालाही, तोच द्यायचा.

त्यासाठी मूळ मल्टिट्रॅक सेशन (प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा असलेलं रेकॉर्डिंग) स्टुडिओकडून घेऊन ठेवणं गरजेचं. अनेकांकडे फक्त शेवटची एमपीथ्री असते. स्टुडिओची हार्ड डिस्क उडाली की संपलं. मिक्स झाल्या दिवशीच ४४.१ किलोहर्ट्झची १६ किंवा २४ बिट वेव्ह फाइल आणि वेगवेगळे ट्रॅक दोन जागी उतरवून घ्या.

मॅच टूल

यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममधल्या, म्हणजे यूट्यूबवरून कमाई करणाऱ्या, चॅनेलांना आणि ज्यांनी एकदा तरी वैध तक्रार केली आहे त्यांना कॉपीराइट मॅच टूल मिळतं. तुमच्या व्हिडिओनंतर दुसऱ्यानं तोच व्हिडिओ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण चढवला तर ते दाखवतं, पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवता. माणसाच्या हातात निर्णय ठेवणारी सोय आहे, म्हणून आम्हाला ती आवडते. पण ‘आधी कोण’ यावरच सगळं चालतं. गाणं प्रकाशनाआधी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि तिथून कोणी आधी चढवलं, तर उलटा घोळ होतो. आधी यूट्यूबवर टाका, मग ग्रुपवर लिंक द्या, फाइल नाही.

मैफलीच्या चोरट्या रेकॉर्डिंगला याचा काहीच उपयोग नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत किंवा कुठल्याही छोट्या सभागृहात श्रोत्यानं खिशातल्या मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग हे तुमच्या फाइलची प्रत नसतं, त्यामुळे यंत्राला त्यात जुळण्यासारखं काही सापडत नाही. कायदा मात्र तुमच्या बाजूचा आहे: कलम ३८-अ प्रमाणे आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करू द्यायचं की नाही हे कलावंतानं ठरवायचं, आणि ३८-ब प्रमाणे नाव लावून घेण्याचा हक्कही त्याचा. पण असे व्हिडिओ हातानंच शोधावे लागतात. आपलं नाव, रागाचं नाव आणि शहर टाकून, तारखेची गाळणी ‘या आठवड्यात’ अशी लावून, मैफलीनंतरचे दोन आठवडे दर दोन दिवसांनी.

कंटेंट आयडी, आणि तानपुऱ्याची अडचण

२००७ पासून चालू असलेली ही यंत्रणा आवाजाचा ठसा घेते. तुमची संदर्भ-फाइल तिच्यात गेली की यूट्यूबवर चढणारा प्रत्येक व्हिडिओ तिच्याशी ताडून पाहिला जातो, आणि जुळलं की आपोआप क्लेम लागतो: अडवायचं, नुसती नोंद ठेवायची, किंवा जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवायचे. हे मोठ्या संग्रहाच्या मालकांसाठी बनवलेलं आहे. सुट्या कलावंताला ते थेट मिळत नाही, डिस्ट्रिब्युटरमार्फत घ्यावं लागतं. गाणं भरताना एक चौकट असते, तिच्यावर खूण केली की चालू. बहुतेक डिस्ट्रिब्युटर त्या पैशातून वाटा कापून घेतात, तो किती ते करारात बघा.

मुख्य अट एकच: फाइलमधला सगळा आवाज फक्त तुमच्या मालकीचा हवा. इथंच आपल्याकडच्या संगीताची गाडी अडते. पुण्यातल्या किती रेकॉर्डिंगांमध्ये तानपुरा मोबाइलच्या अ‍ॅपचा असतो! काळी चारचा तोच लूप, तीच जवारी, हजारो लोकांच्या गाण्यात. तबल्याचा तयार ठेका, विकत आणलेला बासरीचा तुकडा, इंटरनेटवरून घेतलेला बीट, सगळ्यांची तीच गत. असं गाणं संदर्भ म्हणून दिलं तर आलापाआधीचे वीस सेकंद नुसता तानपुरा असलेल्या दुसऱ्या गायकाच्या व्हिडिओवर तुमचा क्लेम लागू शकतो. तुम्ही काही केलेलं नाही, पण त्याचे पैसे अडकले. उद्या त्याच्या डिस्ट्रिब्युटरनंही खूण केली तर तुमचे अडकतील. परवाना घेतलेला पण तुमच्या एकट्याचा नसलेला आवाज आणि मैफलीचं रेकॉर्डिंग या गोष्टी एकट्यादुकट्याच्या अखंड मालकीच्या धरता येत नाहीत, असं यूट्यूब स्वतः सांगतं. डिस्ट्रिब्युटरची चौकट मात्र हे ठळकपणे सांगत नाही. आमची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. चुकीचे क्लेम वारंवार लागले तर यंत्रणेतला प्रवेशच बंद होतो.

खरा तानपुरा लावलात, साथीदारांकडून लेखी संमती घेतलीत, चाल तुमची आहे आणि रेकॉर्डिंगचा खर्च तुम्ही केलात, तर कंटेंट आयडी सुरू करा. एरवी फॉर्मवरच थांबा. शंका असेल तर ज्या ज्या जागी नुसता लूप आहे ती सुरुवात संदर्भ-फाइलमधून वगळता येते का ते डिस्ट्रिब्युटरला विचारा.

डिस्ट्रिब्युटर बदलताना आणखी एक खड्डा आहे. गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे १२ अक्षर-अंकांचा कोड, तोच ठेवा. नवा घेतला तर जुने स्ट्रीम वेगळे पडतात. आणि जुन्याकडचा कंटेंट आयडी बंद झाल्याची खात्री होईपर्यंत नव्याकडे सुरू करू नका. दोघांनी एकाच गाण्यावर मालकी सांगितली की वाद निर्माण होतो आणि तो मिटेपर्यंत पैसे अडकून पडतात.

क्लेम तुमच्यावर आला तर

नाट्यसंगीत गाणाऱ्यांना हा अनुभव ठरलेला. ‘संगीत मानापमान’ १९११ चं. नाटककार कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. आपल्याकडे शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, दोन्ही संपले. ते पद तुम्ही स्वतःच्या साथीनं गायलात तर कोणाची परवानगी लागत नाही. पण १९७५ साली निघालेल्या त्याच पदाच्या ध्वनिमुद्रिकेवर कंपनीचा हक्क २०३५ पर्यंत आहे, कारण ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. यंत्र आवाजासोबत चालही ओळखतं. त्यामुळे तुमच्या गाण्यावर त्या कंपनीचा क्लेम येऊ शकतो. अभंगाचं उलट आहे: तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चालीचा हक्क, ते २०११ साली गेल्यामुळे, २०७१ अखेरपर्यंत आहे. ‘अभंग पारंपरिक आहे’ असं लिहून ती चाल वापरता येत नाही.

क्लेमचा तपशील उघडला की तो ध्वनिमुद्रणावर आहे की चालीवर ते दिसतं. ध्वनिमुद्रणावर असेल आणि आवाज तुमचा असेल तर डिस्प्यूटमध्ये (क्लेमवरच्या हरकतीत) ‘मूळ निर्मिती’ हे कारण निवडा. चालीवर असेल आणि मुदत संपली असेल तर ‘सार्वजनिक मालकी’. दोन ओळींत नाव, वर्ष, गायक-वादक लिहा. चिडून लिहू नका. पहिल्या पाच दिवसांत डिस्प्यूट केला तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात. उशीर केला तर डिस्प्यूटच्या तारखेपासूनचेच. दावेदाराला उत्तराला ३० दिवस, नंतरच्या अपिलाला ७ दिवस. गाण्याचं आयुष्य पहिल्या महिन्यात ठरतं आणि तो महिना वाट पाहण्यात जातो. निर्दोष माणसाच्या बाबतीत ही मुदत अन्यायाचीच आहे.

यावर सोपा उपाय: गाणं जाहीर करायच्या आठ दिवस आधी प्रायव्हेट करून चढवा. अपलोडच्या वेळी कॉपीराइटची तपासणी होते. क्लेम निघाला तर तेव्हाच निस्तरता येतो, लोकांसमोर नाही.

गणपतीत आरतीचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या मंडळांसाठीही हेच. शब्द समर्थांचे असले तरी मांडवातल्या स्पीकरवर कंपनीची आरती वाजत असेल तर प्रक्षेपण मध्येच तुटू शकतं. कार्यकर्त्यांनी स्वतः टाळ्या-झांजांवर म्हटलेली आरती जाऊ द्या, स्पीकर तेवढा वेळ बंद ठेवा.

यूट्यूबच्या बाहेर

टेलिग्रामच्या चॅनेलवर अख्खे अल्बम झिप करून फिरतात, तिथं यातलं काहीच चालत नाही. कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ कामी येतो: लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मध्यस्थानं मजकूर अडवायचा, तो २१ दिवस; तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला करता येतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ साली एका प्रकरणात टेलिग्रामला चोरट्या चॅनेलांमागच्या लोकांची माहिती द्यायला लावली होती, म्हणजे नाव लपवून सुटता येतं असं नाही. तक्रारीत प्रत्येक संदेशाची स्वतंत्र लिंक द्या, नुसत्या चॅनेलचं नाव पुरत नाही.

आणि हे सगळं कागदावर उभं असतं. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा मालक हा निर्माता धरला जातो, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. स्टुडिओवाल्यानं ‘पैसे नंतर द्या’ म्हणून काम केलं असेल आणि कागद नसेल, तर उद्या मालक कोण हा वाद होतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी एकच पान लिहा: गाण्याचं नाव, तारीख, जागा, निर्माता कोण, शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रत्येक वादकाचं नाव, मिळालेलं मानधन आणि सही. कॅसेटच्या वेष्टनावर साथीदारांची नावं छापलेली असत. यूट्यूबच्या वर्णनात ती आपणच लिहायची. तबलजीचं नाव लिहिलेलं असलं की चोरलेल्या व्हिडिओतून काय गाळलं गेलं ते तक्रारीत एका ओळीत दाखवता येतं. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या त्यांच्या हक्कसंस्थेकडे आणि गायक-वादकांनी इस्रा, म्हणजे आताच्या इसाम्रा, या त्यांच्या हक्कसंस्थेकडे नोंद करताना लागणारी माहितीही याच पानावर तयार मिळते. पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो वेव्ह फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवा.